काडतुसाची शक्ती आणि सत्तेची मोजपट्टी : अडगाव ते वरणगाव

प्रस्तावना :

बंदुकांची आवड असणाऱ्या मंडळींत एक वाद कधीच संपत नाही. कोणते काडतूस अधिक शक्तिशाली? बारा बोअरचे की तीनशे पंधराचे? जुनी थ्री नॉट थ्री बरी की सात पॉइंट बासष्ट? हा वाद हौशी माणसांचा वाटला तरी त्याला इतिहास आहे आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे आपल्या वऱ्हाड-खानदेशाच्या भूमीवर घडलेले आहेत. बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वरवट बकाल हे गाव आहे. त्याच्या पूर्वेस, अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात अडगावचे रणक्षेत्र आहे. पश्चिमेस, जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यात वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना आहे. या दोन स्थळांच्या दरम्यान सुमारे दोनशे वर्षांचा काडतुसाचा इतिहास सामावला आहे.

काडतुसाच्या शक्तीचे गणित आणि त्याचे ऐतिहासिक महत्त्व यांचा संबंध तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. कोणते काडतूस किती शक्तीचे, यापेक्षा कोणते काडतूस कोणाच्या हाती असू द्यावयाचे, हाच प्रश्न राज्यकर्त्यांच्या दृष्टीने नेहमी निर्णायक ठरला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शक्तीचे मोजमाप :

आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कोश, दारू, गोळी आणि बुडाशी असलेली स्फोटक केप. गोळी नळीतून बाहेर पडताना तिच्यात जी गतिज ऊर्जा असते ती ज्यूल या एककात मोजतात. ही ऊर्जा वजनाच्या सम प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गोळीचे वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. एकोणिसाव्या शतकातील जड गोळीकडून विसाव्या शतकातील हलक्या व वेगवान गोळीकडे झालेला प्रवास या एका नियमाने समजतो.

'बोअर' ही संज्ञा मात्र शक्तीची नव्हे, तर नळीच्या व्यासाची आहे. एका पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. 'तीनशे पंधरा' म्हणजे ०.३१५ इंच. दोन्ही ठिकाणी शब्द 'बोअर' हाच असला तरी मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. व्यास आणि शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अडगाव, १८०३ :

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे ऑर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजेची नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या सैन्याशी लढाई झाली. कंपनीच्या शिपायाजवळ चकमकीची बंदूक होती. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच आणि शिशाच्या गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅम होते. काडतूस म्हणजे दारू व गोळी भरलेली कागदाची पुंगळी होय. शिपाई ती दातांनी फाडी, थोडी दारू कानावर ओती, उरलेली नळीत ओतून गोळी गजाने ठासत असे. सरावलेला शिपाई मिनिटाला सुमारे तीन बार काढू शके. मात्र नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे शंभर यार्डांपलीकडे नेम भरवशाचा राहत नसे.

आजच्या सैनिकाच्या नेहमीच्या रायफलीतील गोळीपेक्षा ही गोळी कितीतरी जड होती, परंतु लढाईचा निकाल तिच्या वजनाने लागला नाही. प्रारंभी मराठ्यांच्या तोफांचा मारा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणी मागे पळाल्या आणि वेलस्लीला त्या स्वतः सावराव्या लागल्या. त्यानंतर शिस्तबद्ध रांगा, संगीन व घोडदळ यांच्या बळावर कंपनीने लढाई जिंकली. १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. दारूगोळ्याच्या बळाला शिस्त आणि पुरवठा यांची जोड नसेल तर ते अपुरे पडते, हा अडगावचा धडा होय.

१८५७ आणि त्यानंतर :

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ही खरी क्रांती होती. तिचा व्यास ०.५७७ इंच होता. नळीच्या आतील पीळदार खाचांमुळे गोळी फिरत जाई आणि कित्येक शे यार्डांपर्यंत नेम साधता येई. काडतूस मात्र अद्याप कागदाचे, दातांनी फाडावयाचे आणि वंगण लावलेले होते. ते वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचे असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथून पसरली. उठावाची कारणे याहून पुष्कळ व्यापक होती. तरीही ज्या काडतुसाचे गुण अधिकारी पल्ल्याने मोजत होते, तेच शिपायाने धर्म आणि विश्वास यांच्या मापाने मोजले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूर येथील २७ व्या पलटणीतही उठाव झाला.

उठावानंतर सरकारने घेतलेली खबरदारी बोलकी आहे. गोऱ्या पलटणींना स्नायडर रायफल मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे जुनी एनफिल्ड होती. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आल्यावर हिंदी शिपायांना स्नायडर मिळाली. सर्वसाधारणपणे एक पिढी मागे ठेवण्याचे हे धोरण होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेच्या हातातील शस्त्रांवर परवान्याचे बंधन आले. दरम्यान १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. ज्या खडकीच्या मैदानावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला, तेथेच साम्राज्याची काडतुसे तयार होऊ लागली. 'के एफ' ही अक्षरे बुडावर उमटवलेली थ्री नॉट थ्रीची काडतुसे आजही संग्राहकांच्या परिचयाची आहेत.

व्यास निषिद्ध, शक्ती नव्हे :

मार्टिनी-हेन्रीची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची, ऊर्जा सुमारे २,६०० ज्यूल. धूरविरहित दारू आल्यावर थ्री नॉट थ्रीची गोळी प्रथम १४ ग्रॅमची आणि १९१० च्या सातव्या नमुन्यात ११.३ ग्रॅमची झाली. तिचा वेग सेकंदाला ७४४ मीटर आणि ऊर्जा सुमारे ३,१०० ज्यूल होती. वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आले तरी ऊर्जा वाढली. परंतु १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ही नवी गोळी शत्रूच्या शरीरातून आरपार जाते आणि त्याला थांबवीत नाही, अशी तक्रार झाली. त्यावर डमडमच्या कारखान्यात फुलणारी गोळी तयार करण्यात आली. तिच्यामुळे होणाऱ्या जखमांविषयी युरोपात टीका झाली आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्यांवर बंदी आली. केवळ ज्यूलचा आकडा हा परिणामाचा पुरावा नव्हे, हे येथे सिद्ध होते.

१९०७ च्या सुमारास सरकारने ०.४५० इंच व्यासाच्या शिकारी रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. त्या व्यासाच्या गोळ्या बंडखोरांच्या हातातील मार्टिनी-हेन्रीस उपयोगी पडतील, अशी भीती होती. इंग्लंडच्या बंदूक कारागिरांनी लगेच ०.४६५, ०.४७० अशा व्यासांची काडतुसे पुढे केली. ०.४७० च्या काडतुसाची ऊर्जा सुमारे ६,९०० ज्यूल होती. म्हणजे बंदी घातलेल्या ०.४५० नायट्रोपेक्षा थोडी अधिक आणि मार्टिनीच्या अडीचपटींहून अधिक. तरीही ते चालत होते. सरकारला गोळीच्या शक्तीपेक्षा सरकारी दारूगोळ्याशी होणाऱ्या अदलाबदलीचे भय अधिक होते.

स्वातंत्र्यानंतर हेच सूत्र टिकले. १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील नियमांनी थ्री नॉट थ्री, ७.६२ व ९ मिलिमीटर अशा सैनिकी व्यासांना 'निषिद्ध बोअर' ठरविले. त्यामुळे परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने बारा बोअरची बंदूक आणि ०.३१५ ची रायफल आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली. मेळघाट व्याघ्र प्रकल्प आणि पुढे संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य यांमुळे सातपुड्याच्या या पट्ट्यात बंदुकीचा अर्थच बदलला.

वरणगाव आणि आजची तुलना :

१९६२ च्या चीन युद्धात आपला जवान प्रामुख्याने थ्री नॉट थ्री घेऊन लढला. त्यानंतर ७.६२ × ५१ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल आली आणि १९६४ मध्ये वरणगावचा कारखाना स्थापन झाला. कारगिल युद्धापर्यंत ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल सैन्यात रुजली होती. प्रमुख काडतुसांची तुलना स्थूलमानाने अशी मांडता येईल :

७.६२ × ५१ : गोळी ९.५ ग्रॅम, ऊर्जा सुमारे ३,३०० ज्यूल
७.६२ × ३९ : गोळी ७.९ ग्रॅम, ऊर्जा सुमारे २,००० ज्यूल
५.५६ × ४५ : गोळी ४ ग्रॅम, ऊर्जा सुमारे १,६०० ज्यूल

५.५६ ची ऊर्जा निम्म्यावर आली, पण शंभर काडतुसांचे वजनही सुमारे २.४ किलोंवरून १.२ किलोंवर आले. धक्का कमी झाला आणि जवान दुप्पट काडतुसे वाहू लागला. पुढे मात्र डोंगराळ सीमेवर लांब पल्ल्याची व अधिक जोराची गरज भासल्याने २०१९ मध्ये ७.६२ × ५१ च्या ७२,४०० सिग रायफलींचा करार झाला. २०२१ मध्ये ७.६२ × ३९ च्या एके-२०३ रायफली देशात तयार करण्याचे ठरले. शक्तीच्या वादाला कायमचे उत्तर नाही, प्रयोजनानुसार ते बदलते. १ ऑक्टोबर २०२१ पासून खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले आहेत.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, काडतुसाची शक्ती ही वजन, वेग, पल्ला, धक्का आणि पुरवठा यांचा मेळ होय, केवळ एका आकड्याने ती सांगता येत नाही. दोन, १८५७ नंतर राज्यकर्त्यांनी दारूगोळ्याचे नियंत्रण प्रजेवरील अविश्वासातून केले आणि त्यासाठी व्यासाची मोजपट्टी वापरली. तीन, स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती मोजपट्टी पुढे चालवली. नागरी सुरक्षिततेसाठी नियंत्रण आवश्यकच आहे. परंतु आपल्या नियमांतील ही वर्गवारी कोणत्या भयातून जन्मास आली, याची जाणीव अभ्यासकांनी ठेवली पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेतील ०.२२ च्या काडतुसाची ऊर्जा दीडशे ज्यूलही नसते. महाराष्ट्राच्या बंदुकीला जगात मान मिळवून देणारे काडतूस या साऱ्या तुलनेतील सर्वांत दुर्बळ आहे, ही बाब शक्तीचा वाद घालणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावी अशीच आहे.