कॉलेजच्या गावातली ‘चांगली’ हॉटेले

पाहुण्या वक्त्याचे व्याख्यान संपते, आभारप्रदर्शन होते, आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालयापुढे एकच प्रश्न उरतो: सरांना जेवायला कुठे न्यायचे? आम्ही वीसेक वर्षांपूर्वी नोकरीला लागलो तेव्हा उत्तर सोपे होते. विभागप्रमुखांच्या घरी पिठले-भाकरी किंवा रस्सा, पाहुण्याच्या पथ्यानुसार. आता उत्तर असते, ‘चांगल्या हॉटेलात’. चांगले म्हणजे गावाबाहेर बायपासला, वातानुकूलित, रेक्झिनच्या वेष्टनातले जाडजूड मेन्यूकार्ड आणि शेवटी लिंबाची फोड टाकलेले कोमट पाणी देणारे. साहित्याच्या अध्यापकांना विशेषणांची उलटतपासणी घेण्याची खोड असते. या ‘चांगल्या’ची ती घ्यावी असे बरेच दिवस मनात होते.

मराठीने ‘हॉटेल’ हा शब्द घेतला आणि त्यातली खाट काढून टाकली. आपल्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतात. त्याआधीचे शब्द म्हणजे खाणावळ, भोजनालय, उपाहारगृह. यांपैकी खाणावळ हा खरा कॉलेजच्या गावचा शब्द. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पहिल्या पिढ्यांमधला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्याच्याजवळ चार पैसे असत तो महिन्याच्या बोलीवर खाणावळ लावी. म्हणजे बाहेर जेवणे ही चैन नव्हती. घर जवळ नसल्याची ती खूण होती. ज्याला घर होते तो बाहेर जेवत नसे, आणि जेवलाच तर सांगत नसे.

सांगितल्यावर काय होते हे पुण्याने ऑक्टोबर १८९० मध्ये पाहिले. पंचहौद मिशनमधल्या एका कार्यक्रमानंतर निमंत्रितांपुढे चहा-बिस्किटे आली. रानडे आणि टिळक दोघेही तिथे होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले. या प्रकरणाची चर्चा बहुधा सुधारक आणि सनातनी यांच्या वादापुरती राहते. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. फर्ग्युसन महाविद्यालय निघून तेव्हा पाच वर्षे झाली होती. इंग्रजी वाङ्मय वर्गात शिकायचे आणि कपबशी मात्र ओठाला लावायची नाही, हा त्या काळच्या सुशिक्षिताचा दिनक्रम होता. चांगले ठिकाण म्हणजे जिथे स्वयंपाकी कोण आणि शेजारी कोण हे आधी ठाऊक असते ते ठिकाण. पुढे निघालेल्या अनेक उपाहारगृहांच्या पाट्यांवर जातीचा निर्देश येई, तो एवढ्याचसाठी. आजच्या भाषेत सांगायचे तर तोच त्यांचा तारांकित दर्जा होता.

पण आम्ही शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले, त्यामुळे आमचे लक्ष पुण्यापेक्षा कोल्हापुराकडे अधिक जाते. राजाराम महाविद्यालय १८८० चे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर म्हणजे दरबार, पेठा, तालमी आणि हे कॉलेज. खेड्यांतून मुले येऊ लागली तशी त्यांच्या जेवणाची अडचण राज्यापुढे उभी राहिली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे निघत गेली. प्रत्येकाची चूल वेगळी. एकत्र वसतिगृहाला मुले येणार नाहीत आणि आली तर एका पंगतीला बसणार नाहीत, ही तेव्हाची वस्तुस्थिती होती. जात मोडू पाहणाऱ्या राजाला जातवार स्वयंपाकघरे बांधावी लागली, हे वाचताना आजही थबकायला होते. काही अभ्यासक यात विसंगती पाहतात. आमच्या मते भुकेला वाट पाहता येत नाही, एवढे कळणाऱ्या माणसाचा तो निर्णय होता.

त्याच कोल्हापुरात १९१९ च्या आगेमागे गंगाराम कांबळे यांचे हॉटेल निघाले. गंगाराम राजवाड्याच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल उभे राहिले. स्वच्छता उत्तम, चहा उत्तम, गिऱ्हाईक कोणी नाही. मग महाराजांची गाडी तिथे थांबू लागली. रस्त्यात सर्वांदेखत चहा मागवायचा, स्वतः घ्यायचा आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही द्यायचा. छत्रपतींच्या हातचा कप नाकारायची कोणाची प्राज्ञा? १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूमही निघाले. परंतु आमच्या समजुतीप्रमाणे त्या चहाने हुकमाइतकेच काम केले. हुकमाला पळवाट काढता येते, समोर धरलेल्या कपाला काढता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराजांना गंगारामांना राजवाड्यात बोलावून बक्षीस देता आले असते. त्यांनी दिले ते दुकान, म्हणजे ज्याच्या हातचे कोणी घेत नाही त्याच्या हातचे विकत घेण्याचा प्रसंग. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, दुकानदाराला पैसे मोजून घ्यायचे असतात.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. चूल एक, पंगत एक, कामही सर्वांनी मिळून करायचे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. कोल्हापूरची वेगळी चूल ते साताऱ्याची एक चूल, हे अंतर तेवीस वर्षांचे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख केला, तेथील प्रवेश कोणालाही जातीवरून नाकारता येणार नाही असे सांगितले. तरी शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) गावच्या चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी आहेच, आणि तिच्याविरुद्ध शिकणारी पोरे पोलिसांत लेखी तक्रार देतात. हा प्रसंग वर्गात शिकवताना दरवर्षी एक शांतता पसरते. ती आम्ही मोडत नाही.

दरम्यान ‘चांगल्या’चा अर्थ सरकत गेला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यातल्या परवान्याच्या तरतुदीतून ‘परमिट रूम’ हा अजब मराठी शब्द जन्मला, आणि परमिट रूमपासून कुटुंबाला वेगळे ठेवण्यासाठी ‘फॅमिली रूम’. आमच्या विद्यार्थिदशेत ही फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचे खोके आणि वर मळकट पडदा. आमच्यातल्या दोघी सांगतात की नोकरीला लागल्यावरही दोन बायकांनी मिळून हॉटेलात बसायचे तर त्या पडद्याआडच, आणि वेटर विचारणार: बरोबर कोणी येणार आहे का? आज पडदा गेला, काच आली. दर वाढले, आणि आत कोण येईल हे आता दरच ठरवतात. पाटीवर जात उरली नाही. ‘शुद्ध शाकाहारी’तला ‘शुद्ध’ मात्र आहे. तो तुपाबद्दल आहे की आणखी कशाबद्दल, हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवाने ठरवावे.

गेल्या वर्षी एका प्राध्यापकांच्या निवृत्तीनिमित्त आम्ही बायपासच्या हॉटेलात जेवलो. पाणी वाढायला आला तो आमच्याच बी. ए. भाग तीनचा विद्यार्थी, गळ्यात बो. त्याने वर्गात म्हणतो तसेच ‘सर’, ‘मॅडम’ म्हटले. आम्ही ताठ बसलो. ताटात वाढून घेताना आपण हात आखडता घेतो आहोत हे प्रत्येकाला कळत होते. बिल आल्यावर टीप ठेवावी की ठेवू नये यावर टेबलाखाली कुजबुज झाली. ठेवली तर विद्यार्थ्याचा अपमान, न ठेवली तर वेटरचा. अखेर निवृत्त होणाऱ्या सरांनी पैसे ठेवले आणि वर त्याचे नाव घेऊन सांगितले, ‘परीक्षेचा फॉर्म भरला नसशील तर भरून टाक.’

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला म्हणालो, एकदा सुट्टीच्या दिवशी ये, आपण सगळे तिथेच जेवू. तो हसला. ‘तिथं नको सर, मालक मला बसू देतील, पण बाकीची पोरं वाढायला असतात ना,’ म्हणाला. मग स्टँडसमोर चहा घेतला. पैसे त्याने दिले. आम्हांला देऊ दिले नाहीत.