सांचा आणि कानस

कोणतीही वस्तु सांच्यांतून निघाली म्हणजे ती सांच्याची खूण अंगावर घेऊनच निघते. ओताऱ्याला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पितळेची घंटा सांच्यांतून काढल्यावर तिच्या कडेला आलेला पापुद्रा कानशीनें घासावाच लागतो. मात्र ओतारी हें काम आपल्या दुकानांत उरकतो आणि गिऱ्हाइकाच्या हातीं चकचकीत वस्तु देतो. विसाव्या शतकांत पश्चिमेकडे असा एक धंदा उदयास आला, कीं ज्यानें हें शेवटचें काम गिऱ्हाइकावरच सोपविलें. आणि नवल असें, कीं गिऱ्हाइकानें तें मोठ्या हौसेनें पत्करलें. विमानें, जहाजें, रणगाडे यांच्या प्रतिकृति प्लास्टिकच्या सुट्या भागांतून घरीं जुळविण्याचे जे संच मिळतात, त्यांचा तो धंदा होय.

या प्रतिकृतींचें माप आधीं लांकडी विमानांनीं ठरविलें. १९३२ च्या सुमारास इंग्लंडांत ‘स्कायबर्ड्‌स’ या नांवाचे संच विकले जाऊं लागले. सहा फूट उंचीचा माणूस एक इंचाचा दिसावा, म्हणजे मूळ वस्तूचा बहात्तरावा हिस्सा घ्यावा, हें त्यांचें प्रमाण. १९३६ सालीं ‘फ्रॉग’ या छापाखालीं उडणारीं खेळणीं करणाऱ्या कारखान्यानें त्याच मापाचे संच सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे काढले. हीं विमानें उडणारीं नव्हतीं म्हणून त्यांचें नांव ‘पेंग्विन’ ठेवलें, हा अस्सल इंग्रजी विनोद. परंतु ॲसिटेट काळानें आकसतें व वांकतें. धंद्याला खरें बळ आलें तें महायुद्धानंतर. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासितानें १९३९ सालीं लंडनमध्यें ‘एअरफिक्स’ कंपनी काढली. ती आरंभीं फुगवावयाचीं रबरी खेळणीं व पुढें कंगवे करीत असे. १९४९ मध्यें तिनें फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृति केली, पुढें ड्रेकचें ‘गोल्डन हाइंड’ जहाज पॉलिस्टायरीनमध्यें काढलें आणि तें वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकलें जाऊं लागलें. त्यानंतर स्पिटफायर विमान आलें, आणि घरोघरच्या जेवणाच्या मेजांवर कारखाने सुरू झाले.

दोष कोठून येतो हें समजून घ्यावयाचें तर पोलादी सांच्याकडे पाहिलें पाहिजे. त्याचीं दोन शकलें एकमेकांवर घट्ट दाबून धरतात, वितळलेलें पॉलिस्टायरीन जबर दाबानें आंत रेटतात, तें थिजलें कीं शकलें अलग होतात आणि पोलादी खुंट्या भागांना बाहेर ढकलतात. झाडाच्या डहाळीला फळें लोंबावीं तसे सारे भाग एका प्लास्टिकच्या डहाळीला लटकलेले निघतात. यांतील प्रत्येक कृति आपली खूण ठेवून जाते. शकलें जेथें मिळतात तेथें बारीक रेघ उठते. तीं किंचित् सरकलीं तर गोल दांडीचे दोन अर्धे जुळत नाहींत, तिला पायरी पडते. कडा झिजल्या कीं फटींतून प्लास्टिक झिरपून कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालर लोंबते. जाड भाग बाहेरून आधीं थिजतो, आंतून मागाहून आकसतो, आणि त्याच्या पाठीवर खळगा पडतो. खुंट्यांचे वाटोळे ठसे तर वैमानिकाच्या आसनासारख्या जागीं, नेमके डोळ्यांत भरतील असे उमटतात.

याहून बिकट दोष अंकगणिताचा. ब्रिटिश लढाऊ विमानांवरील ब्राउनिंग मशीनगनच्या नळीचें भोंक ७.७ मिलिमीटरचें, बहात्तरांनीं भागलें तर तें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढें उरतें. इतकें बारीक काम त्या सांच्यांतून निघणें शक्य नव्हतें. म्हणून छोट्या विमानावरची बंदूक भरीव दांडक्यासारखी होऊन बसली. उलट पक्षीं, पत्रे जोडणारे रिव्हेट दिसावेत म्हणून जुन्या सांचेकारांनीं पंखांवर टिंबें उठविलीं. अर्ध्या मिलिमीटरचें एक टिंब म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचें डोकें, जुन्या चांदीच्या रुपयाहून रुंद!

पहिल्या पिढीजवळ खास हत्यारें नव्हतीं. दाढीचें पातें, शिवणाची सुई, लहान कानस आणि पॉलिश-पेपर एवढ्यावर तिनें काम भागविलें. तरी या पिढीचा एक शोध वाखाणण्याजोगा आहे. भाग काढून घेतल्यावर उरलेली डहाळी टाकून द्यावयाचीच असे. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून मऊ करावयाचा आणि दोन्ही हातांनीं हलकेच ताणावयाचा. मग केंसासारखी तार निघते. विमानाची आकाशतार, जहाजाचे दोर, मोडकी दांडी, सर्वांना ती चालली. त्याच डहाळीचे तुकडे डिंकाच्या द्रावणांत विरघळवून खळग्यांत भरावयाची लांबी तयार झाली. बंदुकीच्या जागीं इंजेक्शनच्या सुईचा तुकडा बसला. सांच्यानें जें दिलें नाहीं तें सांच्याच्या केरांतून आणि औषधाच्या कपाटांतून मिळालें. अर्थात् प्रत्येक दुरुस्तीला किंमत होतीच. सांधा घासतांना शेजारचे रिव्हेटही पुसले जात, आणि ते पुन्हा उठविणें कोणाला जमत नसे.

पोलादी सांचा कोरणें हाच या धंद्यांतील सर्वांत मोठा खर्च. त्यामुळें सांचे वर्षानुवर्षें राबविले गेले आणि धन्यामागून धनी बदलीत देशोदेशीं फिरले. १९७० नंतरच्या दशकांत फ्रॉगचा कारभार आटोपला, तेव्हां त्यांचे पुष्कळ सांचे सोव्हिएट रशियांत गेले. मात्र शत्रुपक्षाच्या, म्हणजे जर्मन-जपानी विमानांचे सांचे रशियानें घेतले नाहींत, ते ‘रेव्हेल’ कंपनीकडे गेले. लोखंडाच्या ठोकळ्यांनाही राजकारण चुकलें नाहीं. १९८१ सालीं एअरफिक्सचें दिवाळें वाजलें आणि तिचे सांचे फ्रान्समध्यें कॅले येथें रवाना झाले. म्हाताऱ्या सांच्यांतून निघणारी झालर दरसाल वाढत गेली.

या उणिवेवर दुसरा एक धंदा पोसला गेला. केवळ बदलण्याचे भाग विकणारे कारखाने निघाले. बेल्जममध्यें फ्रान्स्वा व्हेरलिंडेन यांनीं रबरी सांच्यांत रेझिनचे भाग ओतले. १९८९ मध्यें चेक देशांत निघालेल्या ‘एडुआर्ड’नें पितळेचा पातळ पत्रा आम्लानें कोरून घडविलेल्या भागांत नांव मिळविलें. आतां संगणकाच्या साह्यानें थरावर थर चढवूनही भाग घडतात. परंतु रेझिनमध्यें बुडबुडे राहतात, थरांच्या रेघा उमटतात, आणि पितळेचा भाग चपटा तो चपटाच. गोल दांड्याच्या जागीं चपटी पितळी पट्टी लावून धन्यता मानणाऱ्यापेक्षां जुना जाडाभरडा प्लास्टिकचा दांडा नीट घासणारा सत्याच्या अधिक जवळ असतो.

कारण खरी अडचण हत्यारांची नसून ज्ञानाची आहे. ‘शॉर्ट स्टर्लिंग’ या चार एंजिनांच्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचेंच उदाहरण घ्यावें. पंखांचा कोन वाढवावा असें वायुदलाचें मत पडलें, तोंवर काम इतकें पुढें गेलें होतें कीं पंख बदलण्याऐवजीं चाकांचे पायच लांब केले. म्हणजे ते उंच, गुंतागुंतीचे पाय ही मुळांतच एक दुरुस्ती होती. मे १९३९ मध्यें पहिल्याच उड्डाणानंतर उतरतांना ब्रेक अडकला आणि ते पाय कोसळले. पुढें दोन हजारांहून अधिक स्टर्लिंग विमानें बांधलीं गेलीं. त्यांतून हजारों तरुण रात्रीच्या मोहिमांवर गेले, अनेक परतले नाहींत. आज त्यांतील एकही संपूर्ण विमान जगांत उरलेलें नाहीं.

एअरफिक्सनें १९६६ सालीं स्टर्लिंगचा संच काढला. त्यांतील पायाचा दांडा हातीं घेतला तर त्याच्या लांबीभर एक रेघ दिसते. ती सांच्याच्या सांध्याची, कीं खऱ्या विमानावर ब्रेककडे जाणाऱ्या एखाद्या नळीची? स्पिटफायर असतें तर संग्रहालयांत जाऊन पाहतां आलें असतें. येथें कांहीं धूसर छायाचित्रें आणि कारखान्याचे नकाशे एवढाच आधार. तोही कधीं कधीं बरोबर त्याच जागीं सावलीनें झांकलेला. एकदां घासलेली रेघ परत येत नाहीं. अशा वेळीं कित्येक जाणकार कानस खालीं ठेवतात आणि दांड्याला आहे तसाच रंग देतात.