लेक्सिंग्टनचे व्यसनोपचार केंद्र
अमेरिकेच्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहराजवळ संघीय सरकारने अंमली पदार्थांच्या व्यसनी पुरुषांसाठी उभारलेले रुग्णालय. मे १९३५ मध्ये ते ‘नार्कोटिक फार्म’ या नावाने सुरू झाले. हॅरिसन कायद्यानंतर (१९१४) व्यसनी माणसाला नियमितपणे मॉर्फीन लिहून देणारे डॉक्टरही गुन्हेगार ठरू लागले आणि संघीय तुरुंगांत व्यसनी कैद्यांची दाटी झाली. त्यांना वेगळे ठेवण्यासाठी १९२९ मध्ये पोर्टर कायदा संमत झाला. तुरुंगांवरील भार हलका करणे हा या संस्थेचा पहिला हेतू होता व उपचार हा दुसरा, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

सु. १,००० एकर जमीन, गोठे, कार्यशाळा आणि खिडक्यांना गज, असे तिचे स्वरूप होते. शिक्षा झालेले कैदी व स्वेच्छेने दाखल झालेले रुग्ण तेथे एकत्र राहत. स्त्रियांना १९४१ पासून प्रवेश मिळाला. मॉर्फीनची मात्रा क्रमाने कमी करून, व दुसऱ्या महायुद्धानंतर मेथाडोन देऊन, शरीराची सवय सोडवीत. नंतर शेतकाम व मानसोपचार. पहिला भाग सहसा साध्य होई. तथापि स्वेच्छेने आलेले पुष्कळ जण उपचार अर्धवट टाकून जात व त्यांना अडविता येत नसे. न्यूयॉर्कला परतलेल्या रुग्णांची १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी निराशाजनक होती : नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनाकडे वळले होते.

या अपयशाचा शोध मात्र तेथेच लागला. केंद्रातील संशोधक एब्राहम विक्लर यांना असे दिसले, की अनेक महिने व्यसनापासून दूर असलेले रुग्ण गटचर्चेत अंमली पदार्थांचा विषय निघताच जांभया देऊ लागत, त्यांचे नाकडोळे वाहू लागत. म्हणजे औषध नुकतेच तुटल्याची सर्व लक्षणे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांप्रमाणे येथेही अभिसंधान घडले होते. जुनी गल्ली, जुने सोबती दिसताच शरीर पूर्वीची मागणी करी. शेताच्या कुंपणाआड मिळालेला आराम तेथे टिकत नसे. जॉर्ज व्हेलंट यांनी १९५२-५३ मधील १०० रुग्णांचा बारा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा स्वेच्छेने राहून गेलेल्यांपेक्षा सुटकेनंतर वर्षभर देखरेखीखाली राहिलेले अधिक टिकल्याचे आढळले.

संशोधनाची दुसरी बाजू काळी आहे. हॅरिस इझबेल यांच्या विभागात कैद्यांवर नवी औषधे व एलएसडी यांचे प्रयोग झाले. काहींना एलएसडी ७७ दिवस सलग देण्यात आले. काही प्रयोगांमागे अमेरिकन गुप्तचर संस्थेचा पैसा होता. मोबदला म्हणून कैद्यांना हेरॉइन किंवा मॉर्फीन मिळे. व्यसन सोडविण्यासाठी आणलेल्या माणसाला व्यसनाचेच वेतन. ही हकीकत १९७५ मध्ये सेनेटच्या चौकशीत उघड झाली. तत्पूर्वी, १९७४ मध्येच, केंद्राची इमारत संघीय तुरुंग विभागाच्या ताब्यात गेली होती.