इंपीरियल खोऱ्यातील पंजाबी-मेक्सिकन संसार

बाहेरून आलेला गट यजमान समाजाची भाषा, अन्न, नावे आणि नातेसंबंध हळूहळू आपलेसे करतो, या प्रक्रियेला समाजशास्त्रात सात्मीकरण म्हणतात, आणि तिचा प्रवाह बहुसंख्य समाजाच्या दिशेनेच वाहतो असे सहसा गृहीत धरले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून कॅलिफोर्नियात गेलेल्या शेतकऱ्यांचा इतिहास या गृहीतकात बसत नाही. त्यांची घरे इंग्रजी नव्हे तर स्पॅनिश बोलू लागली, त्यांची मुले मेरी किंवा जॉन नव्हे तर मारिया आणि होजे झाली, आणि हे घडले ते त्यांच्या सांस्कृतिक आवडीनिवडीपेक्षा अमेरिकेच्या कायद्यांनी त्यांच्यासमोर जेवढी दारे उघडी ठेवली होती त्यांमुळे.

१८९९ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९१७ पर्यंत जवळजवळ थांबवल्या गेलेल्या या स्थलांतरात साधारण सहा ते सात हजार हिंदी माणसे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. जालंधर, होशियारपूर, लुधियाना, अमृतसर अशा जिल्ह्यांतील ही माणसे बहुतांशी शीख होती. सुमारे दहावा भाग मुसलमानांचा आणि त्याहून थोडे हिंदू होते. अमेरिकन लोक मात्र या सर्वांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत, आणि पुढे मेक्सिकन घरांत वाढलेली शीख व मुसलमान बापांची मुलेही स्वतःला अभिमानाने ‘हिंदू’च म्हणवून घेत. आलेल्यांपैकी काही ब्रिटिश सैन्यातून किंवा हाँगकाँग-शांघायच्या पोलिसांतून सुटलेले होते, आणि बहुतेकांचा बेत चार पैसे साठवून गावी जमीन घेण्याचा होता. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी ४ सप्टेंबर १९०७ रोजी गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूडगिरण्यांतील हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हुसकावले, तेव्हापासून उत्तरेकडील गिरण्या आणि लोहमार्ग सोडून ही माणसे दक्षिणेकडे, कॅलिफोर्नियाच्या शेतीकडे वळत गेली.

मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेले इंपीरियल खोरे हे मुळात वाळवंट होते. १९०१ मध्ये कालव्याने कोलोरॅडो नदीचे पाणी तेथे आले, १९०५ मध्ये तीच नदी कालवा फोडून दोन वर्षे खोऱ्यात शिरत राहिल्याने साल्टन सरोवर तयार झाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच कापूस, खरबूज आणि लेट्यूस यांच्या पिकांसाठी मजूर व खंडकरी यांची मागणी वाढली. पंजाबच्या कालव्यांवर शेती केलेल्या माणसांना पाण्याच्या पाळ्या, खारवट जमीन आणि उन्हाळ्यातील ताप यांचे नवल नव्हते. एल सेंट्रो, ब्रॉली, हॉल्टव्हिल या गावांच्या परिसरात दोघे-तिघे किंवा चौघे मिळून भागीदारीत जमीन खंडाने घेत, एकाच लाकडी घरात राहत आणि पाळीपाळीने रांधत. याच सुमारास, १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीतून सीमा ओलांडून आलेली कुटुंबे कापूस वेचायला याच शेतांत येऊ लागली, आणि पुढची कथा या कापसाच्या ओळींतून सुरू होते.

या पुरुषांनी लग्न करायचे कोणाशी, हा प्रश्न कायद्याने जवळजवळ सोडवूनच ठेवला होता. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांवर बंदी घातल्यामुळे गावाकडची बायको आणणे किंवा गावी जाऊन लग्न करून परत येणे अशक्यप्राय झाले. कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा गोऱ्यांना इतर वंशांशी विवाह करण्यास मनाई करत होता, आणि विवाहाचा परवाना देणारा जिल्हा कारकून समोरच्या जोडप्याची वंशनिश्चिती बव्हंशी कातडीच्या रंगावरून करत असे. मेक्सिकन व्यक्ती कायद्याच्या भाषेत गोरी असली तरी कारकुनाच्या नजरेत पंजाबी पुरुष आणि मेक्सिकन स्त्री दोघेही सावळेच होते, म्हणून परवाना मिळे. शेजारच्या ॲरिझोना राज्याने पुढे १९३१ मध्ये निषिद्धांच्या यादीत ‘हिंदू’ असा स्पष्ट उल्लेखच केला. १९१६-१७ पासून इंपीरियल खोऱ्यात असे विवाह नियमितपणे होऊ लागले. मानववंशशास्त्रज्ञ कॅरेन लेनर्ड यांनी ‘मेकिंग एथ्निक चॉइसेस’ (१९९२) या ग्रंथासाठी कॅलिफोर्नियातील दफ्तरे तपासून १९४९ पर्यंतच्या साधारण पावणेचारशे जोडप्यांची नोंद केली, आणि त्यांतील सुमारे ऐंशी टक्के पत्नी मेक्सिकन वंशाच्या होत्या.

पंजाब्यांनी हे विवाह जमिनीसाठी केले, पत्नीच्या नावावर शेत घेता यावे म्हणून केले, असे एक स्पष्टीकरण वारंवार दिले जाते आणि ते सोपे असल्यामुळे टिकूनही राहिले आहे. परंतु ते तारखांच्या कसोटीला उतरत नाही. परदेशी भूधारणेचा जो कायदा पुढे या शेतकऱ्यांच्या मुळावर आला, तो त्यांना प्रत्यक्षात लागू झाला १९२३ नंतर, आणि तोवर विवाहांची रीत पडून गेलेली होती. शिवाय १९२२ च्या केबल कायद्यानुसार नागरिकत्वास अपात्र अशा परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेच नागरिकत्व गमावत असे, म्हणजे पत्नीचे कायदेशीर स्थान पतीच्या स्थानामागे ओढले जाई, आणि अशा पत्नीच्या नावावर जमीन सुरक्षित राहील याची शाश्वती नव्हती. हे विवाह एकाच शेतावर राबणाऱ्या दोन गटांच्या रोजच्या सहवासातून आणि घर थाटण्याच्या साध्या गरजेतून झाले, असे मानणेच पुराव्याला धरून आहे.

एका बहिणीचे लग्न झाले की ती आपल्या दुसऱ्या बहिणीसाठी नवऱ्याच्या भागीदाराचे स्थळ सुचवी, आणि अशा रीतीने दोन-तीन सख्ख्या बहिणी एकाच शेतावरच्या भागीदारांच्या घरात येत. वयातील अंतर मोठे असे. नवरा पस्तिशी-चाळिशीचा तर वधू कित्येकदा विशीच्या आतली. मेक्सिकन पुरुषांना हे विवाह आवडले नाहीत, आणि आरंभीच्या वर्षांत त्यावरून मारामाऱ्याही झाल्या. घरात मात्र अडचण वेगळीच होती, कारण भागीदारीच्या रिवाजानुसार अविवाहित भागीदारही त्याच छपराखाली राहत आणि त्या सर्वांसाठी रांधणे हे नव्या सुनेचे काम आहे असे नवऱ्यांना स्वाभाविक वाटे. सासू नसलेल्या घरात सासुरवास मात्र होता, असे म्हणण्यास हरकत नाही. फरक इतकाच की, कॅलिफोर्नियातील स्त्रीला न्यायालयाचे दार ठोठावता येत होते आणि या स्त्रियांनी ते ठोठावले. घटस्फोटांचे अर्ज जिल्ह्याच्या दफ्तरांत मोठ्या संख्येने आढळतात, आणि बायको सोडून जाऊ शकते ही गोष्ट पंजाबी नवऱ्यांना या देशाची सर्वांत न पटणारी रीत वाटत असे. या संसारांकडे आज दोन संस्कृतींच्या गोड मीलनाची कथा म्हणून पाहिले जाते, तेव्हा हे अर्ज बाजूला राहतात.

स्वयंपाकघरात तडजोड त्या मानाने सहज झाली. गव्हाची तोर्तिया, म्हणजे तव्यावर भाजलेली मेक्सिकन पोळी, आणि पंजाबी रोटी यांत अंतर थोडे. तिखट दोन्हीकडे प्रिय. कोंबडीचा रस्सा, लोणचे आणि भाज्या करणे या स्त्रिया नवऱ्याकडून किंवा त्याच्या भागीदारांकडून शिकल्या, कारण मजुरांच्या तळांवर अनेक वर्षे काढलेले हे पुरुष स्वतः रांधण्यात तयार झालेले होते. काही घरांत नवऱ्याच्या धर्मानुसार गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य राहिले. उत्तर कॅलिफोर्नियातील युबा सिटी येथे अशाच एका कुटुंबाने १९५४ मध्ये सुरू केलेल्या ‘एल रांचेरो’ या उपाहारगृहात रोटीत चीज भरून केलेला कसादिया हा मेक्सिकन पदार्थ मिळत असे, आणि तो १९९३ पर्यंत मिळत राहिला.

धर्माच्या बाबतीत पुरुषांनी जवळजवळ सर्व काही पत्नीवर सोपवले. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये होई आणि तेथे लागणारे धर्मपिता व धर्ममाता हे दुसऱ्या पंजाबी-मेक्सिकन जोडप्यातूनच निवडले जात; शीख किंवा मुसलमान पुरुषाचे नाव अशा वेळी चर्चच्या वहीत स्पॅनिश रूपात चढे. मुलाचे आईबाप आणि त्याचे धर्मपालक यांच्यात जे नाते जुळते त्याला स्पॅनिशमध्ये ‘कोंपाद्राझ्गो’ म्हणतात, आणि मुलांच्या निमित्ताने मोठ्यांत जुळणारे, देण्याघेण्याचे व अडीअडचणीला धावून जाण्याचे हे नाते मराठी वाचकाला आपल्या व्याही-नात्याच्या जवळचे वाटेल. गावाकडच्या भावकीपासून तुटलेल्या पुरुषांना या कॅथलिक संस्थेने नवी भावकी दिली, आणि विशेष म्हणजे ती शीख, मुसलमान व हिंदू यांच्यामधून आडवी जाणारी होती. पुरुषांची स्वतःची संस्था होती ती १९१२ मध्ये स्थापन झालेला स्टॉक्टन येथील गुरुद्वारा, जेथे सर्व धर्मांचे हिंदी लोक जमत आणि जेथे दीर्घकाळ माणसे खुर्च्यांवर बसत. बहुतेक शिखांनी केस कापले होते आणि पगडी उतरवली होती. मृत्यूच्या वेळी मात्र घराची वाटणी उघड होई: शीख व हिंदू नवऱ्याचे दहन, मुसलमान नवऱ्याचे वेगळ्या जागेत दफन, आणि पत्नी कॅथलिक दफनभूमीच्या मेक्सिकन भागात. १९४७ मध्ये पंजाबी मुसलमानांनी सॅक्रामेंटो येथे स्वतंत्र मशीद उभारली.

स्टॉक्टन हे गदर चळवळीचेही केंद्र होते, आणि येथे महाराष्ट्राचा धागा खरोखरच जुळतो. १९१३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर स्थापन झालेल्या या ब्रिटिशविरोधी संघटनेत पंजाबी शेतमजुरांबरोबर तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे होते, ज्यांना १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फाशी देण्यात आली, आणि वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, जे पुढे मेक्सिकोतच चापिंगो येथील कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकरी मेक्सिकन घरात सामावत असताना एक मराठी कृषितज्ज्ञ मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करत होता. दोघांनाही इंग्रजी जगाने दाराबाहेर ठेवले होते.

मुलांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बाप पहाटेपासून शेतावर आणि घर आईच्या हाती, त्यामुळे घराची भाषा स्पॅनिश झाली, शाळेची इंग्रजी, आणि पंजाबी फक्त बापाच्या मित्रांच्या बैठकीत ऐकू येणारी राहिली. येथे तिचा उपयोग काय, असे कित्येक बापांचेच मत होते. इंपीरियल खोऱ्यातील अनेक शाळांत ही मुले मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि जपानी मुलांबरोबर गोऱ्यांपासून वेगळी बसत, आणि मेक्सिकन सवंगडीही त्यांना ‘हिंदू’ म्हणून चिडवत. ती वयात आली तेव्हा काही बापांना अचानक जात, गाव आणि धर्म यांची आठवण झाली आणि त्यांनी मुलींच्या विवाहात नियम घालण्याचा प्रयत्न केला, पण ज्याने स्वतः ते सारे बाजूला ठेवून घर बांधले त्याच्या तोंडी हे नियम मुलांना पटण्यासारखे नव्हते. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर पंजाबातून नवी कुटुंबे युबा सिटीच्या परिसरात मोठ्या संख्येने आली, त्यांनी नवे गुरुद्वारे बांधले आणि या जुन्या घरांना आपले म्हणण्यास ती बहुधा कचरली; सिंग आडनावाच्या, पण पंजाबीचा शब्द न येणाऱ्या कॅथलिक माणसाचे काय करावे हे त्यांना उमगत नव्हते.

या कुटुंबांची खरी टांगती तलवार जमिनीवर होती. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशीयांना शेतजमिनीची मालकी नाकारणारा आणि खंडाची मुदत तीन वर्षांवर आणणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये मुख्यतः जपान्यांना डोळ्यांसमोर ठेवून केला, १९२० मध्ये खंडाचीही वाट बंद केली, आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस सामान्य समजुतीप्रमाणे गोरा नाही म्हणून नागरिकत्वास अपात्र आहे असा निकाल दिला, तेव्हा पंजाबी शेतकरी या कायद्याच्या जाळ्यात आले. त्यानंतरची शेती विश्वासावर चालली: जमीन गोऱ्या शेजाऱ्याच्या, वकिलाच्या किंवा बँकवाल्याच्या नावावर, कसणारा पंजाबी, आणि मधला करार तोंडी. पुढे अमेरिकेत जन्मल्यामुळे नागरिक असलेल्या मुलांच्या नावे जमीन घेऊन बाप पालक म्हणून ती पाहू लागला, म्हणजे जी मुले बापाची भाषा बोलत नव्हती तीच त्याची मालकी सिद्ध करणारी झाली. १९४० च्या जनगणनेत साऱ्या अमेरिकेत हिंदी वंशाची माणसे २,४०५ एवढीच उरली होती.

जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने वर्षाला शंभर हिंदी लोकांना प्रवेश आणि आधीपासून राहणाऱ्यांना नागरिकत्वाचा हक्क दिला. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहबंदी रद्द ठरवली, आणि १९५२ मध्ये भूधारणेचा कायदाही. याच खोऱ्यातील वेस्टमोरलँडचे शेतकरी दलीपसिंग सौंद, बर्कली येथे गणितात डॉक्टरेट मिळवूनही हिंदी असल्यामुळे शेतीकडे वळलेले, १९४९ मध्ये नागरिक झाले. नोव्हेंबर १९५६ च्या निवडणुकीत त्यांनी विख्यात वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांचा पराभव करून अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेला पहिला आशियाई सदस्य होण्याचा मान मिळवला, आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी परदेशी भूधारणेचा कायदा कायदेपुस्तकातून काढून टाकण्यास मंजुरी दिली.