पुठ्ठ्यावर लिहिलेलं ‘इटली’

आमच्या भुशीच्या घरात बाहेरच्या खोलीत माझ्या थोरल्या मामांचा फोटो आहे. खाकी शर्ट, अर्धी विजार, हातात छडी, चेहरा अगदी कोवळा. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर ‘इटली, १९४४’ असं लिहिलंय. अक्षर माझंच. तीसेक वर्षांपूर्वी फ्रेम बदलली तेव्हा लिहिलं होतं. मामा इटलीत गेले, परत आले नाहीत, म्हणजे फोटो तिथलाच, असा सरळ हिशोब. शाळेत दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की हा फोटो मी वर्गात नेत असे. मुलं हातोहात फिरवून बघायची.

गेल्या दिवाळीत नातू आला. त्याला लढाईचे देखावे करायचा नाद आहे. एकास पस्तीस या प्रमाणात. म्हणजे साडेपाच फुटी माणूस पाच सेंटिमीटरच्या आत बसतो. त्याला सेनिओ नदीचा देखावा करायचा होता. ९ एप्रिल १९४५ रोजी या नदीवर नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांमधून सुरक्षित जागी नेलं. मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या देखाव्यात एक बाहुली मामांची करायची, असं नातवाच्या मनात होतं.

त्याने फोटो भिंग लावून पाहिला आणि विचारलं, "आजोबा, तुमचे मामा कोणत्या पलटणीत होते?"

"मराठा लाइट इन्फन्ट्री," मी म्हणालो.

"ते झालं. पण पहिली पलटण की तिसरी?"

मला वाटलं, काय फरक पडतो? पण पडतो. इटलीत पहिली पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तिसरी दहाव्यात. आठव्या डिव्हिजनच्या बाहीवर लाल कापडावर तीन पिवळी फुलं असत. जाधव पहिल्या पलटणीचे. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते एकटेच मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. वय २२. त्यांना कबर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. बाहुलीच्या दंडावर चुकीचं चिन्ह रंगवलं तर एका पलटणीचा माणूस दुसऱ्या पलटणीच्या लढाईत जाऊन उभा राहतो.

मी आईची जुनी पत्र्याची पेटी काढली. मामांची दोन पत्रं आहेत. गावाचं नाव कुठेच नाही, ते लिहायची परवानगीच नसे. पत्त्यात फक्त ‘सी. एम. एफ.’, म्हणजे भूमध्य समुद्राच्या मध्य भागातल्या फौजा. पण नावाआधी ‘नाईक’ होतं, आणि पलटणीचा आकडा तीन.

नातू पुन्हा फोटोकडे वळला. "नाईकाच्या दंडावर दोन फिती हव्यात. इथे एकही नाही."

मी म्हटलं, "जुना फोटो आहे, रंग उडाला असेल." तेव्हा त्याने मला शिकवलं. त्या काळच्या कितीतरी फिल्मना लाल रंग दिसत नसे. लाल वस्तू काळी येई, निळी फिकट येई. म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोवरून पदकाच्या फितीचे रंग ओळखणारा हमखास फसतो. कधी निगेटिव्ह उलटी छापलेली असते. मग डाव्या छातीवरची पदकं उजवीकडे जातात, शर्टाची बटणपट्टी बदलते. ते आधी बघायचं. पण रंग बदलला तरी फीत नाहीशी होत नाही. अर्ध्या विजारीवरून मात्र काही ठरत नाही, कारण इटलीतही उन्हाळ्यात खाकी सुती कपडे होतेच.

शेवटी त्याने विचारलं, "फ्रेम उघडू का?" माझ्या मनाची तयारी नव्हती, तरी हो म्हणालो. पुठ्ठा निघाला, आणि फोटोच्या मूळ मळकट कार्डावर स्टुडिओचा शिक्का दिसला. बेळगाव.

मराठा पलटणींचं प्रशिक्षण केंद्र बेळगावलाच. म्हणजे फोटो भरती झाल्यावर, समुद्रापार जायच्या आधीचा. मागे दिसणारा डोंगर पडद्यावर रंगवलेला. ज्याला मी इतकी वर्षं ‘इटलीतला डोंगर’ म्हणून मुलांना दाखवलं, तो!

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग आईची गोष्ट आठवली. ती सांगायची, मामांची गाडी मुंबईला जाताना लोणावळ्याला थांबली होती. निरोप आला होता म्हणून आजी तिला घेऊन फलाटावर गेली. गाडीतून उतरायची परवानगी नव्हती. खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं आणि मामांनी एक पाकीट बाहेर दिलं. "आत फोटो होता," आई म्हणायची. मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. मला युद्धाचा फोटो हवा होता. तो निघाला आईला दिलेला निरोप.

नातवाने सेनिओ नदी बाजूला ठेवली. आता लोणावळ्याचा फलाट करतोय. त्याने धूर सोडणारं इंजिन काढलं होतं, तेव्हा मास्तर जागे झाले! भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं हे खरं, पण १९३० पर्यंत कल्याण ते पुणे विजेची गाडी सुरू झाली होती. म्हटलं, "बाबा, वर तारा ओढ." हिशोब बरोबरीत सुटला.

पुठ्ठ्यावरचं ‘इटली’ मी खोडलं नाही. खाली लिहिलं : ‘चूक. बेळगाव. जाण्यापूर्वी.’ आणि तारीख घातली.

तुमच्याही घरात असे फोटो असतील. एकदा फ्रेम उघडून बघा. आणि घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा, पण उत्तर आधी ठरवून विचारू नका.