त्वचेचं संगीत

फेब्रुवारी १९२४. न्यूयॉर्क सिम्फनी ऑर्केस्ट्रा बेथोव्हनची नववी सिम्फनी वाजवत होता आणि अंध-कर्णबधिर लेखिका हेलन केलर घरी रेडिओजवळ होत्या. कुणीतरी रिसीव्हरचं झाकण काढलं. आतल्या पातळ पडद्यावर त्यांनी अलगद बोटं टेकवली आणि कॉर्नेट, ढोल, व्हायोलिन त्यांना वेगवेगळी जाणवली. ऑर्केस्ट्राला पत्र लिहून त्यांनी हा आनंद कळवला. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. त्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते झाकण निघणं.

त्याच दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉल्ट लांब नळीतून बोलत. नळीचं दुसरं टोक विद्यार्थ्याच्या तळहाताशी असे. पुढे त्यांचा विजेवरचा ‘टेलिटॅक्टर’ आला. पण त्यांना त्वचेकडून बोलणं समजून घ्यायचं होतं, आणि तिथे ती अडखळते. कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्वचेची धाव साधारण हजारापर्यंत, आणि अडीचशेच्या आसपास ती सर्वांत तल्लख. स्वरांमधलं बारीक अंतर तिला नीट कळत नाही. ठेका, जोर, घुमारा मात्र लगेच कळतो.

वर्गात डग्गा दिला की हे समोर दिसतं. भांड्याला दोन्ही तळवे लावून बसलेली मुलगी, माझं मनगट पुडीवर सरकून ‘घे’ चढला की भुवया उंचावते. तबल्याचा ‘ना’ तिला नुसती टिचकी वाटतो.

टोरांटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठात मारिया करम, फ्रँक रुसो आणि डेबोरा फेल्स यांनी घडवलेल्या ‘इमोटी-चेअर’नं यावर तोड काढली. गाण्याचे पट्टे पाडून खर्जाचे पाठीच्या खालच्या भागाला, टिपेचे वरच्या भागाला द्यायचे. अंतर्कर्णातला शंखही आवाज असाच जागेवार मांडतो.

मला मात्र एमआयटीतल्या एरिक गुंथर यांचं २००१ सालचं काम अधिक जवळचं वाटतं. अंगावर ठिकठिकाणी कंपनं देणारा पोशाख, आणि रचना थेट त्वचेसाठी. कानासाठी बांधलेली चीज त्वचेवर उतरवली की काहीतरी गळतंच. आमच्या मुलांच्या वाट्याला कायम उरलंसुरलंच का यावं?

मोठ्या वर्गातली मुलं एकमेकांच्या पाठीवर तळहातांनी तीनताल धरतात. सम कण्यावर हवी की खांद्यावर, खालीला हात उचलायचा की हलकेच टेकवायचा, यावर त्यांचा खुणांच्या भाषेत कडाक्याचा वाद चालतो.