बरास

देवापुढें जळणारा कापूर आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे कीं, तो मूळचा कोठला हा प्रश्न सहसा कोणास पडत नाहीं. जुन्या वैद्यांच्या आणि काष्ठौषधी विकणारांच्या बोलींत मात्र या प्रश्नाचें उत्तर पोटांत घेऊन बसलेला एक शब्द आहे. उंची प्रतीच्या, म्हणजे भीमसेनी, कापरास ते 'बरास' म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ति संस्कृत धातूंत शोधण्यांत अर्थ नाहीं. बारूस हें सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदराचें नांव आहे. मलायी लोक या द्रव्यास 'कापूर बारूस' म्हणतात; आपण वस्तु घेतली आणि तिच्याबरोबर गांवाचें नांवही घेतलें.

हा शब्द आज उकरून काढण्यास कारण आहे. अलीकडे अरोमाथेरपी म्हणजे सुगंधोपचार या नांवाखालीं भीमसेनी कापूर व त्याचें तेल घरोघर पोंचलें आहे, आणि हें आमच्या पूर्वजांचें अस्सल स्वदेशी धन, असें मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. अभिमानाबद्दल आमची तक्रार नाहीं. पण इतिहास निराळा आहे, आणि आमच्या मतें तो त्या अभिमानाहून अधिक मनोरंजक आहे.

आरतीचा कापूर ज्या झाडापासून निघे तें चीन, जपान व तैवान येथलें, दालचिनीच्या जातीचें. त्याच्या लांकडाचे तुकडे वाफेवर उकळून कापूर काढीत. बरासाचें झाड अगदीं वेगळें. तें आपल्या साल वृक्षाच्या कुळांतलें. सालाची राळ आपणांस ठाऊक आहेच. सुमात्रा, मलाया व बोर्निओ यांच्या अरण्यांत तें साठ मीटरपर्यंत उंच वाढतें, भारतांत तें मुळींच उगवत नाहीं. त्याच्या खोडाच्या चिरांत व पोकळींत पांढरे स्फटिक आपोआप सांठतात. परंतु कोणत्या झाडांत ते आहेत हें बाहेरून ओळखण्याची खात्रीची खूण नाहीं. झाड पाडावें, त्याचे तुकडे करावे, तेव्हां कळे. आणि पुष्कळ वेळां हातीं कांहीं लागत नसे. अशा धंद्यांत दैवावर भिस्त ठेवावी लागते यांत नवल काय? जोहोरच्या अरण्यांतले कापूर शोधणारे लोक तर त्या कामावर असतांना आपली नित्याची भाषा सोडून एक खास 'कापूर-भाषा' बोलत. नेहमींचे शब्द कानीं पडले तर कापूर मिळत नाहीं, अशी त्यांची समजूत होती.

याच झाडांतून राळमिश्रित तेलही पाझरतें. विल्यम मार्सडेन यानें १७८३ सालीं सुमात्राचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत या कापूरतेलाचें वर्णन आहे. मुरगळलेल्या अवयवांस व सुजेस लावण्याचें तें तेथलें घरगुती औषध होतें. चिनी लोकांस तर तें त्याच्या किती तरी आधीं ठाऊक होतें. नवव्या शतकांतला एक चिनी ग्रंथकार स्फटिकांस 'नागाचा मेंदू' या अर्थाचें नांव देतो, आणि तेलास 'पो-लू'चा लेप म्हणतो. हें पो-लू म्हणजे बारूसच, असें बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे आपण स्फटिकांस बंदराचें नांव दिलें, चिन्यांनीं तेलास दिलें.

आपले लोक त्या बंदरांत प्रत्यक्ष जात होते याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. बारूसजवळच्या लोबू तुआ येथें १८७३ सालीं एक तामिळ शिलालेख सांपडला. त्यावर शके १०१०, म्हणजे इ. स. १०८८, हा काल आहे. 'सहस्र दिशांचे पांचशें' असें बिरुद मिरविणाऱ्या व्यापारी संघानें बंदरांत येणाऱ्या नौकांवर सोन्याच्या रूपानें पट्टी बसविली, असा त्यांतला आशय. बंदराचें नांव त्यांत 'वारोसु' असें आहे. हा संघ म्हणजे ऐहोळेचे पांचशें स्वामी. कोल्हापूर व मिरज येथील शिलाहारांच्या काळच्या कानडी लेखांतही याच ऐहोळेच्या वीर-बणंजांचा उल्लेख येतो. ज्या व्यापारी मंडळाचे लोक पंचगंगेच्या कांठीं दाने देत होते, त्याच मंडळाचे लोक सुमात्राच्या किनाऱ्यावर कर ठरवीत होते! त्याच शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें कथासरित्सागरांत 'कर्पूरद्वीप' आणलें, तें निव्वळ कविकल्पना म्हणून सोडून द्यावें असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढें मार्को पोलोनें लिहिलें कीं, फन्सूरचा कापूर सोन्याच्या भारोभार विकतो. फन्सूर हें याच मुलखाचें दुसरें नांव. गोव्यांत राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या ग्रंथांत चिनी व बोर्निओचा असे कापराचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले आहेत. भावप्रकाशकारानेंही पक्व व अपक्व असा भेद करून अग्निसंस्काराविना मिळणारा अपक्व श्रेष्ठ मानला. एक वैद्य लिस्बनकडचा, एक आपल्याकडचा. दोघांच्या नजरेस आलेला भेद एकच.

रसायनशास्त्रानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. बरासांतलें मुख्य द्रव्य बोर्निऑल; त्याच्या अणुरचनेंत साध्या कापरापेक्षां हायड्रोजनचे दोन परमाणु अधिक आहेत. बोर्निऑल पाण्याहून किंचित् जड, कापूर किंचित् हलका. विसाव्या शतकाच्या आरंभीं टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर निघूं लागला, आणि कापरापासून बोर्निऑलही करतां येतें. तेव्हां आज 'भीमसेनी' म्हणून जें विकलें जातें तें सुमात्राच्या झाडांतून क्वचितच आलेलें असतें. त्यांत कांहीं पाप नाहीं. पाडावयाचीं झाडें वांचलीं हा लाभच. पण मग नांव तरी जपून वापरावें.

अरोमाथेरपी हा शब्दही असाच अलीकडचा. गातफोसे नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें १९३७ सालीं या नांवाचें पुस्तक काढलें. सुगंधानें चित्त प्रसन्न होतें हें कोणीही मान्य करील. त्यापुढचे दावे मात्र एकेक करून तपासावे लागतात. बोर्निऑलची गणना सरसकट थोतांडांत करतां येत नाहीं. २०२० सालीं चीननें पक्षाघातावर एदारावोन व बोर्निऑल यांचें संयुक्त औषध मंजूर केलें. पण तें शिरेंतून द्यावयाचें, मोजक्या मात्रेचें औषध आहे, उशाशीं ठेवलेली कुपी नव्हे. साधा कापूर व कापूरतेल तर पोटांत गेलें असतां विष आहे. लहान मुलास थोड्याशा मात्रेनेंही झटके येतात. ज्या घरांत रांगतें मूल आहे तेथें ही कुपी त्याच्या हाताबाहेरच असावी.

बारूस आज उत्तर सुमात्रांतलें एक लहानसें गांव आहे. १९९५ पासून कांहीं वर्षें फ्रेंच व इंडोनेशियन संशोधकांनीं लोबू तुआ येथें उत्खनन केलें. तेथली जुनी वसाहत नवव्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन अकराव्याच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभीं ओस पडली, असें त्यांस आढळलें. म्हणजे 'पांचशें'चा तो लेख कोरला गेला, तेव्हां त्या बंदराच्या भरभराटीचे थोडेच दिवस उरले होते.